गावाचं घर, सरकारचं लाकूड

संपादकांनी विषय दिला तो 'पाडलेली घरं'. चंद्रपूरकडच्या माणसाला अशी घरं आठवायला वेळ लागत नाही. परकोटाच्या आतले वाडे गेले, जमीनदारांच्या गढ्या ढासळल्या, कोळशाच्या खाणींनी तर आख्खी गावं उठवली. या सगळ्या घरांना कोणी ना कोणी मालक होता. घर गेल्यावर त्याने मोबदला मागितला, कोर्टाची पायरी चढली किंवा निदान चार माणसांत हळहळ तरी केली. मला लिहायचं होतं ते एकट्या कुणाचंच नसलेल्या घराविषयी.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंडांचं लहानसं गाव आहे. शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून बाहेरचे लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. ऐंशीच्या दशकात या गावाने सागाच्या लाकडाचं गोटुल, म्हणजे गावाचं सामाईक घर, उभारलं. वनखात्याने त्या लाकडावर हरकत घेतली आणि गोटुल पाडलं. मेंढ्याचं नाव देशभर पोचलं ते २००९ साली मिळालेल्या सामूहिक वनहक्कामुळे, पण त्या हक्काची गोष्ट या पाडलेल्या घरापासूनच सांगायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

रोवणीच्या दिवसांत

दिवाळी अंकाचा लेख लिहायचा तर गावात जायचं पावसाळ्यात. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की शहर लवकर संपतं आणि दोन्ही बाजूंना साग, मोह, तेंदू, ऐन आणि बांबू सुरू होतो. जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जंगलाखाली आहे. तो आकडा कागदावर वाचणं वेगळं आणि तीसेक किलोमीटर त्यातून जाणं वेगळं. जंगल जिथे मागे सरकतं तिथे धानाच्या बांध्या. बांधीत गुडघाभर चिखल, वाकलेल्या बाया, बांधावर पऱ्ह्याच्या पेंढ्या. या दिवसांत दुपारी गावात गेलं तर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि कोंबड्या एवढंच भेटतं. ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे चिखलात असतात. म्हणून संध्याकाळची वाट पाहायची.

या वाट पाहण्यातच गोटुलाचा पहिला अर्थ कळतो. परक्या माणसाने बसायचं कुठे? कुणाच्या तरी अंगणात बसलं की तो त्या घरचा पाहुणा होतो. मग चहा त्या घरचा, बोलणं त्या घरचं आणि गावातल्या जुन्या रुसव्याफुगव्यांत बाजूही त्याच घरची. गोटुलात बसलेला माणूस आख्ख्या गावाचा पाहुणा असतो. मुक्कामाला राहिला तर त्याच्या जेवणाखाणाचं गाव मिळून पाहतं. दंडकारण्याच्या या पट्ट्यात पायी फिरणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आसरा मिळाला तो असाच.

खांब, विस्तव आणि ढोल

गोटुलाची रचना साधी. जमिनीत खोल पुरलेले जाड खांब, वर गवताचं किंवा कवेलूंचं छप्पर, भोवती असला तर कमरेएवढा कूड. अनेक ठिकाणी तोही नसतो. आत काय चाललंय हे वाटेवरून जाणाऱ्याला दिसावं, ऐकू यावं, अशीच ती बांधणी असते. समोर नाचण्यापुरतं मोकळं अंगण. जमीन शेणामातीने सारवलेली. खांब मात्र पक्के हवेत. वाळवी न लागणारं आणि पिढी-दोन पिढ्या टिकणारं लाकूड इथल्या जंगलात मिळतं ते सागाचं. गावाचं पाणी पिणाऱ्या सगळ्यांचे हात त्या कामाला लागतात. कोणी लाकूड तासतो, कोणी बांबू चिरतो, कोणी गवत आणतो. मजुरी नसते, जेवण सगळ्यांचं एकत्र होतं.

सगळीकडचं गोटुल एकाच धर्तीचं नाही, हे इथेच सांगायला हवं. बस्तरच्या मुरियांचं गोटुल वेगळं, भामरागडच्या माडियांचं वेगळं आणि धानोऱ्याकडच्या गोंडांचं आणखी वेगळं. गोंडांच्या परंपरेत गोटुलाचा आरंभ पहांदी पारी कुपार लिंगोने केला असं मानतात. मुलामुलींनी नाच, गाणी, वाद्यं, शिकारीचे आणि शेतीचे नियम, झाडापाल्याची ओळख, थोरांशी वागायची रीत हे सगळं शिकायचं ते इथे. लग्न झालं की तिथलं शिक्षण संपलं. लग्नघरची कामं असोत की पंडुमाची, म्हणजे सणाची, तयारी, गोटुलातली पोरं हे गावाचं हक्काचं मनुष्यबळ. नव्या फळाला, नव्या धान्याला पंडुम झाल्याशिवाय तोंड लावायचं नाही. त्या पंडुमाचा दिवस ठरवायलाही गावातली जाणती माणसं गोटुलातच बसतात. तंटा मिटवायचा तोही तिथेच. ढोल टांगायचे तेही तिथेच.

शाळा, चावडी, धर्मशाळा, कोर्ट आणि नाचाचं अंगण ही सगळी कामं एका छपराखाली होत होती. आपल्या शहरांत या प्रत्येकाला वेगळी इमारत आहे, वेगळा कर्मचारी आहे आणि वेगळं कुलूप आहे. गोटुलाला कुलूप लावायचं म्हटलं तरी जागा नसते.

एक पाद्री, एक बिशप

मराठी वाचकाच्या मनातलं गोटुल मात्र वेगळंच असतं. तरुण मुलामुलींनी रात्री एकत्र राहायचं घर, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं आणि तेही डोळे मिचकावून सांगितलेलं. हे चित्र आलं कुठून, ते शोधत गेलं की वाट एका पाद्र्याकडे जाते.

व्हेरिअर एल्विन हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले इंग्रज धर्मगुरू. १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. गांधीजींच्या सहवासाने त्यांचं मन बदललं आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर ते मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. तो मुलूख नागपूरच्या बिशपच्या अखत्यारीत होता. हे बिशप अ‍ॅलेक्स वूड आपल्या चांद्याचेच, म्हणजे चंद्रपूरचेच, म्हणायला हवेत. स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या चांदा मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षं काढली होती आणि त्या कामावर 'इन अँड आउट ऑफ चांदा' नावाचं पुस्तकही लिहिलं होतं. खेडोपाडी हिंडलेला, इथला उन्हाळा सोसलेला हा माणूस. पण राजनिष्ठेच्या शपथेवरून आणि गोंडांना ख्रिस्ती करायचं की नाही या प्रश्नावरून दोघांचं बिनसलं. वूड यांनी एल्विन यांना धर्मकार्याचा परवाना दिला नाही. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्चच सोडलं.

परवाना मिळाला असता, तर एल्विन कदाचित एखाद्या मिशन बंगल्यात राहिले असते. तो मिळाला नाही म्हणून ते कुडामातीच्या घरात राहिले आणि पुढे बस्तरला जाऊन 'द मुरिया अँड देअर घोटुल' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. तो १९४७ साली प्रसिद्ध झाला. आस्थेने आणि बारकाईने लिहिलेलं ते पुस्तक आहे. गोटुलातले चेलिक आणि मोटियारी, म्हणजे मुलगे आणि मुली, त्यांच्या पदव्या, त्यांची शिस्त, एकमेकांविषयीची जबाबदारी हे सगळं त्यात आहे. पण बाहेरच्या जगाने त्यातली रात्र तेवढी उचलली. मुरियांबद्दलचं वर्णन सगळ्या गोंडांना लागू केलं गेलं. वास्तविक त्याआधीच, १९३८ साली, ग्रिगसन या अधिकाऱ्याने 'द मारिया गोंड्स ऑफ बस्तर' या पुस्तकात डोंगराळ भागातल्या माडियांची रीत वेगळी असल्याचं नोंदवलं होतं. तिथे मुलगे गोटुलात झोपतात, मुली नाचगाण्यापुरत्या येतात आणि घरी जातात.

या अर्धवट माहितीचं नुकसान फार खोल झालं. आश्रमशाळेत गेलेल्या मुलाला गोटुलाचं नाव काढायची लाज वाटू लागली. कॅमेरे घेऊन येणारे वाढले. शिकलेल्या नातेवाइकांनी गावाला सांगितलं की हे मागासलेपण सोडा. एखादं छप्पर पावसात बसलं की ते पुन्हा शाकारायला कोणी पुढे येईना. बहुतेक गोटुलं कोणी पाडली नाहीत, ती अशी बसत गेली. मेंढ्यातही जुनं गोटुल राहिलेलं नव्हतं.

सागाचं खोड

१९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्या सुमारास गोदावरीवर इचमपल्लीला आणि इंद्रावतीवर भोपालपटनमला मोठी धरणं बांधायची योजना होती. हजारो हेक्टर जंगल आणि कित्येक गावं पाण्याखाली जाणार होती. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्याम शाह यांनी 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभारलं. त्यात मेंढ्याचे तरुण देवाजी तोफा होते. पुढे 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल अभ्यासासाठी मेंढ्यात आले आणि या दोघांची जोडी जमली ती कायमची.

धरणं थांबली. पण आंदोलनातून परतलेल्या माणसांच्या मनात एक विचार घर करून बसला. जंगल वाचवायचं तर ते वाचवणारं गाव आधी जागेवर हवं, आणि गाव एकत्र बसवायचं तर बसायला जागा हवी. म्हणून गोटुल.

खांबांसाठी साग जंगलातून आला. मेंढ्याच्या लोकांच्या दृष्टीने यात विचारायचं काही नव्हतं. पूर्वी हा मुलूख जमीनदाऱ्यांचा होता. घरासाठी लाकूड, कुंपणासाठी काट्या, चुलीसाठी सरपण, गुरांसाठी चराई या गरजा जंगलातून भागवायच्या आणि त्याला निस्तार म्हणायचं, ही जुनी रीत होती. निस्ताराचे हे हक्क सरकारी दप्तरातही नोंदले गेलेले होते. १९५० च्या कायद्याने जमीनदाऱ्या गेल्या आणि जंगल सरकारकडे आलं. जमीनदाराच्या जागी रेंजर आला. निस्ताराची नोंद दप्तरात राहिली, पण प्रत्यक्षात बैलगाडीभर लाकडासाठी गार्डाची मर्जी सांभाळायची वेळ आली. त्याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मात्र दीर्घ मुदतीच्या करारावर मिळत होता.

वनखात्याची बाजूही समजून घेऊ. साग हे सरकारी हिशेबात सर्वांत मोलाचं लाकूड. परवान्याशिवाय तोडलेला प्रत्येक साग म्हणजे गुन्हा, ही त्या खात्याची घडणच आहे. कोणाच्या घराला लाकूड गेलं याची नोंद करायला त्यांच्या फॉर्मवर रकाना होता, पण 'गावाच्या घराला' असा रकाना नव्हता. खातेदाराचं नाव लिहायचं तिथे काय लिहिणार? वनखात्याने गोटुल पाडलं.

यानंतर जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मेंढ्याने एकट्याने दाद मागितली नाही. परिसरातल्या गावांची मोठी सभा बसली. एक गोटुल पाडलं तर गावोगावी गोटुलं उभी करायची, असं सभेत ठरलं, आणि खरोखरच डझनभर गावांनी आपापली गोटुलं बांधली. आता पाडायची तर किती पाडणार आणि गुन्हे नोंदवायचे तर कोणाकोणावर? सरकारने तो विषय सोडून दिला. मेंढ्यातही गोटुल पुन्हा उभं राहिलं.

सभा कशी चालते

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा पुष्कळांना पाठ आहे. तिच्यामागचं रोजचं काम मात्र संथ आहे आणि पाहणाऱ्याच्या धीराची परीक्षा घेणारं आहे.

इथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाही माणसाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. बायका सभेला हव्यातच. त्या नसतील तर सभा झाली असं धरत नाहीत. निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. त्यात कोणीही येऊ शकतो, बाहेरचा जाणकारही. अभ्यासगट फक्त समजून घेतो आणि ठरवायचं ते ग्रामसभेने. कायदा समजून घ्यायचा असेल तर तो वाचून दाखवतात, त्याची गोंडीत फोड करतात, शंका काढतात. वनहक्क कायदा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, रोजगार हमी, सगळं असंच वाचलं गेलं. शहरातल्या कुठल्या सोसायटीने स्वतःला लागू असलेला कायदा असा ओळ न ओळ वाचला असेल, असं मला वाटत नाही.

दारूचा प्रश्न पहिल्यांदा बायकांनीच धसाला लावला. त्यावर गावाने आधी स्वतःचे नियम केले. जिल्ह्यात दारूबंदी आली ती त्यानंतर, १९९३ मध्ये. कठाणी नदीत विष टाकून मासे मारायचे नाहीत, मोहासाठी जंगलाला आग लावायची नाही, फळ हवं म्हणून फळझाड तोडायचं नाही, हेही ठरलं. पाळण्यात अडचणी आल्या, तेव्हा पुन्हा सभा बसली. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ही सगळी प्रक्रिया तपशिलात आली आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याने दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. मेंढा आणि शेजारचं मर्दा ही असा हक्क मिळवणारी देशातली पहिली गावं. तरीही बांबूचं घोडं अडलंच. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती आणि नव्या कायद्यात ती गौण वनोपजात. गावाने आपला बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना द्यायचा कोणी? २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि त्या परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्या गावाच्या सागाच्या खांबांवर एकदा हरकत आली होती, ते गाव आता आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः फाडू लागलं. पुढे २०१३ मध्ये गावकऱ्यांनी महाराष्ट्राच्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं.

दुसरं एक घर

जुनं ते सगळं उभं राहावं, असं मी म्हणणार नाही. याच मुलखात गावाबाहेर आणखी एक सामाईक घर असतं. त्याचं नाव कुर्माघर. पाळीच्या दिवसांत बाईने तिथे राहायचं. बहुतेक कुर्माघरं म्हणजे मोडकी झोपडी. त्यात उजेड नाही, पाणी नाही, दाराला कडी नाही आणि पावसाळ्यात सापाविंचवाची भीती. गोटुल शाकारायला सगळं गाव येतं, कुर्माघर शाकारायला पुरुष हात लावत नाहीत. अलीकडे काही गावांत संस्थांनी आणि प्रशासनाने पंखे, न्हाणीघर, पलंग असलेली पक्की विसावा केंद्रं बांधली. तिथे बायकांना चार दिवस खरोखर विश्रांती मिळते, पण बाहेर राहण्याची सक्ती पक्की झाली, असाही आक्षेप त्यावर आहे. मला तो रास्त वाटतो. परंपरेचं घर म्हणून दोन्हींना एका मापाने मोजता येत नाही. ज्याने त्यात राहायचं त्याला ते हवं आहे का, हे विचारूनच ठरवावं लागेल, आणि कुर्माघराबाबत बोलण्याचा पहिला हक्क तिथे रात्री काढलेल्या बायकांचा आहे.

गोटुल आणि शाळा

गेल्या काही वर्षांत गडचिरोलीत गोटुलांना सरकारी निधीही मिळू लागला. निधी आला की आराखडा येतो, आराखड्यात चार भिंती येतात, भिंतींना दार आणि दाराला कुलूप. किल्ली एकाकडे राहते. अशा बंद इमारतीत पुढे सिमेंटची पोती आणि खुर्च्या ठेवलेल्या दिसतात, आणि माणसं बाहेर झाडाखाली बसलेली. निधी देऊ नये असं नाही. पण लाकूड आणि कवेलू वापरायची मुभा, भिंती न बांधायची मुभा आणि कंत्राटदाराऐवजी गावाच्या हातांनी बांधायची मुभा या तीन गोष्टी दिल्या तर कमी पैशांत जास्त गोटुलं उभी राहतील.

याच धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिचं नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. पहिलीत बसलेल्या गोंड मुलाला मराठी ही परकी भाषा असते. गुरुजींना गोंडी येत नाही, मुलाला मराठी येत नाही आणि त्यात दोन-तीन वर्षं निघून जातात. मोहगावने त्यावर स्वतःचा उपाय काढला. मुलं गोंडीत लिहा-वाचायला शिकतात आणि सोबत मराठी, इंग्रजी, गणितही. गावाने वर्गणी काढून शाळा चालवली.

२०२२ मध्ये शिक्षण विभागाने ही शाळा अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस दिली. आधार होता २००९ चा शिक्षणहक्क कायदा. मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, असं त्यात आहे आणि ते खरंच आहे. ग्रामसभा गप्प बसली नाही. संविधानाचं २९ वं कलम, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगणारं ३५० (क) कलम आणि पेसाने ग्रामसभेला दिलेला अधिकार यांचा आधार घेऊन तिने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली.

मी तो शिक्षणहक्क कायदा पुन्हा उघडून पाहिला. नोटिशीचा आधार असलेली तरतूद १८ व्या कलमात आहे. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात अभ्यासक्रम कसा असावा ते दिलं आहे, आणि तिथे लिहिलं आहे की शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावं.